जाळ्यात येते, नोंदीत येत नाही

पावसाळा सरून समुद्र निवळला की उरणच्या करंजा आणि मोऱ्याच्या धक्क्यांवर एक तक्रार ठरलेली असते : म्हावऱ्यापेक्षा जेलीफिशच जास्त आली. प्रवाहात बांधलेल्या डोलीचा खोला, म्हणजे जाळ्याची मागची पिशवी, वर घेताना तो नको तेवढा जड लागतो आणि खलाशांना वजनावरूनच कळतं, की हे म्हावऱ्याचं वजन नव्हे. गाठ सुटली की फळीवर आधी पांढुरक्या, बुळबुळीत गोळ्यांचा लोंढा पडतो. त्या चिकट लगद्यात जवळा, करंदी, मांदेली चेंगरून गेलेली असते. गोळे हातानं बाजूला सारावेत तर कोपरापर्यंत आग सुटते. फावड्यानं लोटावेत तर त्यांच्याबरोबर जवळाही पाण्यात जातो. निवडण्यात वेळ जातो तो वेगळाच, आणि तोवर पाणी फिरलेलं असतं.

हे दृश्य किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. बातमी होते ती जुहूला कुणाच्या पायाला निळा धागा गुंडाळला गेला की. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तेच मथळे येतात, चार दिवस भीती पसरते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विषय मिटतो. माझं म्हणणं असं, की किनाऱ्यावरचा दंश आणि जाळ्यातला लगदा ही एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत. उरणसारख्या ठिकाणी, जिथं पोहणाऱ्यांपेक्षा पाण्यावर पोट असणारे अधिक आहेत, तिथं दुसरं टोक जास्त महत्त्वाचं आहे. ते कुणी नीट हाताळलेलं नाही, कारण ते कुठल्याही वहीत उतरत नाही.

आधी हे प्राणी कोणते ते पाहू. जेलीफिश म्हणून आपण ज्यांना सरसकट एकाच नावानं ओळखतो त्यांत निदान तीन वेगळी प्रकरणं आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की उपचारही चुकतो.

पावसाळ्यात उरणच्या नागाव-पिरवाडीच्या वाळूवर जी येते ती ब्लू बॉटल. शास्त्रीय नाव फायझेलिया. काटेकोर बोलायचं तर ही जेलीफिश नव्हेच. अनेक लहान जीवांनी कामं वाटून घेऊन उभारलेली ती एक वसाहत असते : एकाचं काम तरंगणं, दुसऱ्यांचं खाणं, तिसऱ्यांचं दंश करणं. वर वायूनं भरलेला निळसर फुगा आणि खाली लांबच लांब धागे. अटलांटिकमधल्या मोठ्या नमुन्यांचे धागे ३० मीटरपर्यंत जातात. आपल्याकडे वाहून येणारे सहसा बरेच लहान असतात, पण पोहणाऱ्याला फुगा दिसतो आणि धागा दिसत नाही ही अडचण सगळीकडे सारखीच. तिला स्वतःला पोहता येत नाही. फुग्यावरच्या शिडासारख्या कडेला वारा नेईल तिकडे ती जाते. नैऋत्य मोसमी वारे किनाऱ्याकडे वाहू लागले, की खुल्या अरबी समुद्रातला हा जीव जुहू, अक्सा, गिरगाव, आणि मुंबई बंदराच्या मुखाकडे तोंड करून असलेल्या उरणच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन पडतो. जगभर ही एकच प्रजाती आहे असं फार काळ मानलं जात होतं. २०२५मध्ये जनुकीय अभ्यासातून ती निदान चार प्रजातींची असल्याचं पुढं आलं. इतक्या ठळक, इतक्या जुन्या ओळखीच्या जीवाचंही वर्गीकरण अजून पुरं व्हायचं होतं! तिच्यासोबत कधी कधी नाण्याएवढी, निळ्या किरणांची गोल चकती येते, ती ब्लू बटन. तिच्यापासून फारसा धोका नाही, थोडी खाज सुटते इतकंच.

डोलीत भरते ती खरी जेलीफिश. घुमटासारखी छत्री, तिची आकुंचनं-प्रसरणं आणि खाली लोंबणारे जाड हात. यातल्या रायझोस्टोम गटाच्या जाती चांगल्या मोठ्या होतात. रोपिलेमा हिस्पिडम ही आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची जात दीड-दोन फुटांपर्यंत वाढते. कच्छच्या आखातात तिची आणि कॅटोस्टायलस पेरेझीची मासेमारीही होते. केरळात क्रॅम्बिओनेला ओर्सिनीच्या झुंडी येतात, आंध्रात तिचीच बहीण क्रॅम्बिओनेला ॲनंडेली. या दुसरीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांचं नाव दिलेलं आहे. शंभरातले पंचाण्णव भाग पाणी असलेल्या या जीवांना मेंदू नाही, हृदय नाही, तरी पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ ते समुद्रात टिकून आहेत. रायझोस्टोमांचा दंश बहुधा आग आणि पुरळ यांवर भागतो. क्रायसाओरा, सायानिया अशा लांब धाग्यांच्या जातींचा मात्र चांगलाच लागतो.

तिसरं प्रकरण बॉक्स जेलीफिशचं. ऑस्ट्रेलिया आणि थायलंडमध्ये माणसं मिनिटांत दगावल्याच्या ज्या कहाण्या मोबाइलवर फिरतात त्या हिच्या. हा गट भारताच्या पाण्यातही नोंदलेला आहे, पण मुंबई-रायगड पट्ट्यात दरवर्षी जो त्रास होतो तो हिच्यामुळे नव्हे. तिच्या नावानं उरणच्या माणसाला घाबरवणं थांबायला हवं. घाबरलेला माणूस भलते उपाय करतो.

दंशांचा हिशेब आपल्याकडे बातम्यांतूनच लावावा लागतो. २०१८च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर दीडशेच्या आसपास लोकांना ब्लू बॉटलचा दंश झाल्याच्या बातम्या आल्या. २०२०च्या नोव्हेंबरात गोव्यात दोन दिवसांत नव्वदहून अधिक जणांवर प्रथमोपचार झाले. हा आकडा मिळाला तो तिथं दृष्टी मरीनचे जीवरक्षक किनाऱ्यावर तैनात असतात आणि प्रत्येक घटना टिपून ठेवतात म्हणून. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जिथं माणूस आणि वही दोन्ही आहेत तिथं आकडा आहे. उरणच्या किनाऱ्यावर दोन्ही नाहीत.

२०१३चं गिरगाव तर सगळ्यांच्या स्मरणात असेल. दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कितीतरी भाविकांच्या पायांत काटे घुसले. ते पाकटाचे काटे होते, जेलीफिशचे नव्हेत. पण तेव्हापासून दरवर्षी विसर्जनाआधी मत्स्यव्यवसाय विभाग मुंबईच्या चौपाट्यांजवळ जाळं टाकून पाहतो, काय सापडलं ते कळवतो आणि महापालिका त्यावरून सूचना काढते : गमबूट घाला, उघड्या अंगानं पाण्यात जाऊ नका, लहान मुलांना नेऊ नका. शासनानं ठरवलं की पाण्यात काय आहे ते बघता येतं, याचा हा पुरावाच आहे. मरीन लाइफ ऑफ मुंबई या २०१७मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातल्या प्रदीप पाताडे यांच्यासारख्या नागरिकांनीही ओहोटीला किनाऱ्यावर फिरून छायाचित्रांसह नोंदी करण्याची सवय शहराला लावली. त्या नोंदींमुळे ब्लू बॉटल आणि ब्लू बटन यांतला फरक तरी वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत पोचला.

आता दंशाचं. जेलीफिशच्या धाग्यांवर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक सूक्ष्म कुपी, तिच्यात गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी आणि विष. स्पर्श झाला की नळी बाहेर उसळते. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या नातलगावर जर्मन शास्त्रज्ञांनी २००६मध्ये हा वेग मोजला, तेव्हा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात काम उरकत असल्याचं दिसलं. निसर्गातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. हे काम प्राण्याच्या इच्छेवर अवलंबून नाही. म्हणून वाळूवर मरून पडलेली ब्लू बॉटलही तास-तास डंख मारू शकते आणि जाळ्याला चिकटून सुकत चाललेला धागा दुसऱ्या दिवशी जाळं झटकणाऱ्याचा हात पोळू शकतो. कातडीवर धागा चिकटला की त्यातल्या सगळ्याच कुप्या एकदम फुटत नाहीत. बऱ्याच तशाच राहतात. उपचाराचं सगळं मर्म या न फुटलेल्या कुप्यांत आहे.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दंश झाला की पहिला उपाय म्हणजे ओली वाळू घेऊन चोळणं, किंवा नळाखाली पाय धरणं. चोळल्यानं कुप्या दाबून फुटतात. गोड्या पाण्यानं खारटपणा एकदम बदलतो आणि त्यानंही फुटतात. कुणी लिंबू पिळतं, कुणी चुना लावतं, कुणी आणखी काही. करायचं ते सोपं आहे. पाण्याबाहेर यायचं. चिकटलेले धागे चिमट्यानं किंवा काडीनं अलगद उचलायचे, ओरबाडायचे नाहीत. समुद्राच्याच पाण्यानं भाग धुवायचा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, पाऊण तासापर्यंत बुडवून ठेवायचा. पाणी आधी दुसऱ्यानं हात घालून पाहायचं, कारण दुखणाऱ्या माणसाला चटका कळत नाही. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलच्या किनाऱ्यावर २००६च्या सुमारास ब्लू बॉटलच्या ९६ रुग्णांवर याची पद्धतशीर तुलना झाली : गरम पाणी मिळालेल्यांतल्या ८७ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, बर्फ मिळालेल्यांत ३३ टक्क्यांच्या. व्हिनेगरबाबत मात्र जाणकारांत मतभेद आहेत. बॉक्स जेलीफिशला ते उपयोगी, हे पक्कं. ब्लू बॉटलला ऑस्ट्रेलियातली मार्गदर्शक तत्त्वं नको म्हणतात, तर हवाईतल्या २०१७च्या अभ्यासानं हवं म्हटलं. क्रायसाओराच्या काही जातींत त्यानं कुप्या उलट फुटतात असंही दिसलं आहे. जात ओळखता येत नसेल, आणि उरणच्या किनाऱ्यावर ती सहसा ओळखता येत नाही, तर व्हिनेगरच्या बाटलीमागे धावू नये. गरम पाण्याबद्दल असा वाद नाही. शिवाय पाकटाच्या काट्यालाही तोच उपाय लागू पडतो. विसर्जनाच्या दिवशी किनाऱ्यावरच्या एखाद्या मंडपात गरम पाण्याचं पिंप आणि दोन बादल्या ठेवल्या तर दोन्ही दुखण्यांची सोय होते.

श्वास लागणं, छाती आवळणं, उलट्या, चेहऱ्यावर सूज यांपैकी काही दिसलं, किंवा दंश डोळ्यात झाला, तर थेट रुग्णालयात. शरीराची ही अतिरेकी प्रतिक्रिया वैद्यकाला उमगली त्यात फायझेलियाचाच हात आहे. १९०१मध्ये मोनॅकोचा राजपुत्र आल्बेर पहिला याच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिच्या विषावर काम सुरू केलं. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाच्या विषावर कुत्र्यांत प्रयोग चालू ठेवले. विषाची पहिली मात्रा पचवलेला प्राणी दुसऱ्या, त्याहून लहान मात्रेनं कोसळतो, हे त्यांना दिसलं. ॲनाफिलॅक्सिस म्हणतात ते हेच, आणि त्याबद्दल रिशेंना १९१३चं नोबेल मिळालं. डोलीवरच्या खलाशाच्या दृष्टीनं हा इतिहास दूरचा नाही. पर्यटकाला दंश होतो आयुष्यात एखाद्या वेळी. खलाशाला हंगामभर, पुन्हा पुन्हा होतो. २०२३मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या पुल्लुविळा गावचा एक मच्छीमार जाळं साफ करताना डोळ्याला जेलीफिश लागून आजारी पडला आणि दगावल्याची बातमी आली होती. करंजाच्या बोटींवर जाळं झटकणारे हात आणि डोळे आजही उघडेच असतात. रबरी हातमोजे आणि साधा चष्मा, एवढाच खर्च आहे.

साप चावला तर हाफकिनचं औषध आहे. जेलीफिशवर ते चालत नाही. ऑस्ट्रेलियात बॉक्स जेलीफिशवर प्रतिविष बनतं, आपल्या जातींवर कुठलंच नाही. उपचार लक्षणं बघून करावे लागतात. इथं मला रायगड जिल्ह्यातलंच एक उदाहरण आठवतं. विंचूदंशानं कोकणात माणसं पटापट मरत, तेव्हा महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपून ठेवला. त्या टिपणांतून प्राझोसिन या औषधाचा उपयोग पुढं आला, १९८६मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि लाल विंचवाच्या दंशानं होणारे मृत्यू तीस-चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. त्यामागं मोठी प्रयोगशाळा नव्हती. एका डॉक्टरची चिकाटी आणि त्याची वही होती. जेलीफिशचा दंश विंचवाइतका जीवघेणा नाही हे खरं. पण ग्रामीण रुग्णालयात असा रुग्ण आला की ‘ॲलर्जी’ एवढंच लिहून गोळी दिली जाते, आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या किनाऱ्यावर, पाण्यात की जाळ्यावर, हे कुठेच उरत नाही.

पुन्हा डोलीकडे येतो. डोल हे टोकाकडे निमुळतं होत गेलेलं, प्रवाहात खुंटांना किंवा नांगरांना बांधून ठेवलेलं जाळं. उधाणाच्या भरती-ओहोटीला पाण्याचा ओढा जोरात असतो तेव्हा ते चांगलं चालतं, भांगाला कमी. त्याला हलता येत नाही. ट्रॉलरवाला जेलीफिश दिसली तर दुसरीकडे जाऊ शकतो. डोल जिथं आहे तिथं, आणि जे वाहत येईल ते घेईल. जेलीफिशही प्रवाहाबरोबरच वाहते. म्हणजे मुंबई बंदर आणि धरमतर खाडीच्या तोंडाशी, पाच मीटरच्या आसपास चढउतार करणाऱ्या भरतीत, या दोघांची गाठ पडणं अटळ आहे. जितका ओढा चांगला तितका म्हावरा, आणि तितकीच जेलीफिश. पारंपरिक जाळ्याचा गुणच या बाबतीत त्याच्या मुळावर येतो. खाडीत पाग टाकणाऱ्यांची गत वेगळी नाही. ठाणे खाडीच्या बाजूनं नवी मुंबईच्या मच्छीमारांनीही जाळी जेलीफिशनं भरल्याची गाऱ्हाणी मांडली आहेत.

त्यात उरणच्या मच्छीमाराला पाणीच आधीपेक्षा कमी उरलं आहे. १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, मग धक्के वाढले, भराव वाढले, जहाजांच्या वाटा खोल आणि रुंद झाल्या. २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं बंदराच्या चौथ्या टर्मिनलच्या प्रकरणात १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा निकाल दिला. ते प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या खटल्यात जेलीफिशचा मुद्दा नव्हता, पण परिणाम तिथंही पोचतो. मासेमारीची जागा आक्रसली की उरलेल्या पट्ट्यात एका झुंडीनं होणारं नुकसान वाट्याला अधिक येतं. दुसरीकडे जाळं मारायला जागाच नाही.

मग मूळ प्रश्न : जेलीफिश वाढते आहे का? धक्क्यावर विचाराल तर उत्तर एका सुरात ‘हो’ असं येतं. विज्ञानात ते इतकं सोपं नाही. २०१२मध्ये लुकास ब्रॉट्झ आणि सहकाऱ्यांनी जगातल्या ४५ मोठ्या सागरी परिसंस्थांची उपलब्ध माहिती चाळली. तिच्यात मच्छीमारांच्या सांगण्यालाही त्यांनी जागा दिली होती, आणि ६२ टक्के ठिकाणी त्यांना वाढ दिसली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट कॉन्डन आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळच्या मोजमापांवरून मांडलं, की जागतिक वाढीचा भक्कम पुरावा नाही. साधारण वीस वर्षांच्या फेऱ्यानं संख्या चढते आणि उतरते, आणि आपण चढत्या भागात उभे राहून घाबरतो. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. मला दुसऱ्यातला इशारा अधिक मोलाचा वाटतो, कारण तो सांगतो की वीस वर्षांचं मोजमाप हाताशी नसेल तर वाढ आणि फेरा यांतला फरकच कळणार नाही. पण म्हणून धक्क्यावरचं ‘हो’ खोटं ठरत नाही. जगाची सरासरी काही असो, एका खाडीत वाढ होऊ शकते आणि तिची कारणं त्या खाडीत शोधावी लागतात.

उरणच्या पाण्यात अशी कारणं कमी नाहीत. पहिलं प्राणवायूचं. पावसाळा संपता संपता भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात प्राणवायू फार कमी होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये हे दाखवून दिलं. शेतातून आलेल्या नत्रानं त्याला जोर येतो. मुंबई आणि नवी मुंबईचं सांडपाणी बंदराच्या पाण्यात त्याच दिशेनं भर घालतं. माशाला जिथं गुदमरायला होतं तिथं जेलीफिश तग धरते, कारण तिची गरजच कमी. बोटी नव्या हंगामाला निघतात ते नेमके हेच महिने.

दुसरं, टणक पृष्ठभागाचं. जेलीफिशचं आयुष्य दोन रूपांत असतं. आपण पाहतो ती तरंगती छत्री हे एक. दुसरं रूप काही मिलिमीटरचं, खडकाला, शिंपल्याला, खांबाच्या सावलीतल्या बाजूला चिकटून राहणारं. ते आडव्या चकत्यांसारखं तुटत जातं आणि प्रत्येक चकतीची एक जेलीफिश होते. कार्लोस दुआर्ते आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये असं सुचवलं, की बंदरं, धक्के, खांब, भिंती यांनी किनारे व्यापले तसतशी या रूपाला बसायला जागा मिळत गेली. मूळच्या चिखलाच्या, कांदळवनांच्या उरणच्या किनाऱ्यावर गेल्या साडेतीन दशकांत किती काँक्रीट पाण्यात उभं राहिलं ते नजरेसमोर आणा : बंदराचे धक्के, तेल-वायूच्या जेट्ट्या, करंजाचं नवं बंदर, आणि सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून येऊन चिर्ल्याला उतरणाऱ्या अटल सेतूचे खांब. या खांबांवर जेलीफिशची ही बाल्यावस्था वाढते हे सिद्ध झालेलं नाही. जगातही मोठ्या जातींची ही अवस्था निसर्गात क्वचितच हाती लागते. पण शोधायचं तर इथंच शोधायला हवं.

तिसरं जहाजांचं. माल उतरवून रिकामं निघणारं जहाज तोलासाठी समुद्राचं पाणी टाक्यांत भरतं आणि दुसऱ्या बंदरात सोडतं. १९८०च्या दशकात याच वाटेनं अमेरिकेतली कंगवा-जेली काळ्या समुद्रात पोचली आणि तिथल्या माशांचं खाद्य आणि अंडी फस्त करत तिनं मासेमारीचं कंबरडं मोडायला हातभार लावला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०००मध्ये या प्रश्नावर जगातली सहा बंदरं नमुन्यादाखल निवडली, त्यांत मुंबई होती. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं तेव्हा मुंबई आणि न्हावा-शेवा या बंदरांतल्या जीवांची पायाभूत पाहणी केली. ती पाहणी आहे म्हणजे तुलनेला पाया आहे. तिची दर काही वर्षांनी पुनरावृत्ती व्हायला हवी.

चौथं कारण मला सर्वांत जिव्हाळ्याचं वाटतं, कारण ते आपल्या ताटाशी येऊन थांबतं. जेलीफिश कुणी खात नाही, ती अन्नसाखळीची बंद गल्ली आहे, असं फार काळ मानलं गेलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे मत पार बदललं. चामडपाठी कासव तर जवळपास तिच्यावरच जगतं, ऑलिव्ह रिडलेच्या खाण्यातही ती असते; आणि आपलं पापलेट जेलीफिश आणि तिच्यासारखे मऊ, पारदर्शक जीव आवडीनं खातं. २०२३मध्ये महाराष्ट्रानं रुपेरी पापलेटला राज्यमासा केलं, तेही त्याची पिल्लं बेसुमार मारली जातात ही चिंता समोर असताना. हाताच्या पंज्याएवढं पापलेट बाजारात येतं तेव्हा मोठं होऊन अंडी देणारा मासा जातोच, जेलीफिशचं एक गिऱ्हाईकही जातं. जवळा-मांदेलीसारखे लहान जीवही तेच सूक्ष्म खाद्य खातात जे जेलीफिशला हवं असतं. मासा उपसला की उरलेलं खाद्य तिच्या वाट्याला येतं.

वीजकेंद्रांचा विषय वेगळा लेख होईल, म्हणून थोडक्यात. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या जाळ्यांत जेलीफिश अडकून कल्पाक्कमच्या अणुकेंद्राला त्रास झाल्याचं चेन्नईच्या बाजूच्या अभ्यासकांनी २०००मध्येच लिहून ठेवलं. १९९९मध्ये फिलिपिन्सचं लुझोन बेट याच कारणानं अंधारात गेलं. २०११मध्ये स्कॉटलंडमधलं टॉरनेस, २०१३मध्ये स्वीडनमधलं ओस्कर्सहाम आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या ग्रावलीनच्या चार अणुभट्ट्या बंद पडल्या. या केंद्रांमध्ये किती वाजता किती टन जेलीफिश काढली याची नोंद होते, कारण तिथं मिनिटाला पैसा जातो. डोलवाल्याचाही जातो.

‘मग ती विका ना’ हा सल्लाही येतो. चीन, जपान आणि आग्नेय आशियात मीठ आणि तुरटी लावून वाळवलेली जेलीफिश खाल्ली जाते, आणि गुजरात, केरळ, आंध्रातून ती तिकडे गेली आहे. मला यात उरणचा तरणोपाय दिसत नाही. खाण्याजोग्या जाती मोजक्या, झुंड एका वर्षी येते आणि पुढच्या वर्षी येत नाही, आणि प्रक्रियेला लागणारी यंत्रणा त्या अनिश्चिततेवर उभी राहत नाही. दोन-चार व्यापारी येतात, भाव देतात, निघून जातात. त्यापेक्षा डोलीतच बदल करणं जास्त शहाणपणाचं. जपानमध्ये नोमुरा जेलीफिश दोनशे किलोपर्यंत भरते. २००९मध्ये तिच्यानं भरलेलं जाळं ओढताना दहा टनांची बोट उलटली होती. त्या अनुभवातून तिथं मोठ्या गोळ्यांना बाहेर वाट देणारी आणि मासा आत ठेवणारी जाळी तयार केली गेली. डोलीचा घास वेगळा आणि म्हावरा बारीक, म्हणून ते जसंच्या तसं चालणार नाही. पण हे काम करंजाच्या जाळं विणणाऱ्यांसोबत बसूनच करावं लागेल, आणि त्यासाठी आधी गोळ्यांचे आकार आणि हंगाम ठाऊक हवेत.

मासळीची आकडेवारी केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था आणि राज्य शासन दोघंही गोळा करतात, पण ती धक्क्यावर उतरलेल्या मालाची. जेलीफिश बोटीवरूनच परत पाण्यात जाते. म्हणजे वर्षाचे कित्येक दिवस जिनं बोट भरली, ती हिशेबात शून्य. हे बदलायला नवी संस्था नको. डिझेलच्या परताव्यासाठी बोटींची कागदपत्रं मच्छीमार सहकारी संस्थांकडे जातातच. त्याच संस्थेत एक वही ठेवावी आणि बोट लागली की तिच्यात चार गोष्टी लिहाव्यात : तिथी, जाळ्याची जागा, किती पाट्या जेलीफिश, आणि तिचा रंग व अंदाजे रुंदी. तिथी मुद्दाम म्हणतो. कोळीवाड्यात भरतीचा हिशेब तिथीवरच चालतो आणि उधाण-भांगाशी जेलीफिशचं काही नातं असेल तर ते तिथीतच आधी दिसेल. फोनवर काढलेलं एक छायाचित्र जोडलं की जात ओळखायचं काम मुंबई-गोव्याच्या संशोधकांना घरबसल्या करता येईल. रुग्णालयाच्या नोंदवहीत दंशाचा वेगळा रकाना आला, तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचता येतील. डोलीत मोठी झुंड आल्यानंतर किती दिवसांनी ती पिरवाडीच्या पाण्यात पोचते हे दोन-तीन हंगामांत समजेल, आणि नगरपालिकेला रविवारच्या गर्दीआधी किनाऱ्यावर फलक लावता येईल. गणेशोत्सवापूर्वी गिरगावला जाळं टाकणारा मत्स्यव्यवसाय विभाग उरणमध्ये ही वही तपासायला महिन्यातून एकदा माणूस पाठवू शकतो. नारळी पौर्णिमेला बोटी निघतात तेव्हापासून सुरुवात केली तर पहिला हंगाम पुरा पकडता येईल.